हायपोतले दोन गंधक

बारावीच्या प्रयोगशाळेत हायपोचे अनुमापन न केलेला विज्ञान शाखेचा विद्यार्थी सापडणे कठीण. आयोडिनच्या तपकिरी द्रावणात ब्युरेटमधून हायपो थेंब थेंब सोडायचा, रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घालायचा, आणि गडद निळा रंग एका थेंबासरशी नाहीसा झाला की ब्युरेटवरचा आकडा लिहून घ्यायचा. मग तोंडी परीक्षेत हमखास विचारला जाणारा प्रश्न येतो : सोडियम थायोसल्फेटमध्ये गंधकाचा ऑक्सिडेशन नंबर किती? सोडियमचे दोन अणू मिळून +२, ऑक्सिजनचे तीन मिळून −६, म्हणजे गंधकाच्या दोन अणूंकडे +४ उरले. प्रत्येकी +२. उत्तर बरोबर, गुण मिळाले.

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात एका बाईंनी सांगितले, की त्यांच्या वर्गातली एक मुलगी या उत्तरावर अडून बसली होती. "बाई, चित्रात एक गंधक मध्यभागी आहे, त्याला तीन ऑक्सिजन जोडलेले आहेत. दुसरा नुसता एका टोकाला लोंबतो आहे. मग दोघांचा आकडा सारखा कसा?" ती सरासरी आहे, असे बाईंनी सांगितले. त्यावर पुढचा प्रश्न आला : "मग खरे किती? आणि ते कोणी मोजले आहे का?" बाईंनी हा प्रश्न माझ्याकडे दिला. "दोन गंधक वेगळे आहेत हे मोजलेले आहे, १९६४ साली, स्वीडनमध्ये," एवढे मी सांगितले आणि तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. कसे मोजले ते सांगायचे राहिले, ते येथे सांगतो.

गंमत अशी, की हे मोजमाप ज्या इलेक्ट्रॉनांवर झाले ते बंध करणारे इलेक्ट्रॉन नव्हेत. रासायनिक बंध शिकवताना आपण फळ्यावरून जे पुसून टाकतो, ते हे इलेक्ट्रॉन.

ओटीवरचा व्यवहार आणि आतली खोली

मिथेनचे ठिपक्यांचे चित्र आठवा. कार्बनच्या सहा इलेक्ट्रॉनांपैकी चारच आपण काढतो. अणुकेंद्राला लगटून असलेल्या पहिल्या कवचातले, म्हणजे १एस मधले, दोन इलेक्ट्रॉन काढत नाही; कारण ते बंधात भाग घेत नाहीत. हे विधान बरोबर आहे. पण 'भाग घेत नाहीत' यावरून 'त्यांना काही फरक पडत नाही' यावर आपण नकळत घसरतो, आणि ते मात्र चूक आहे. जुन्या वाड्यातले आजोबा आतल्या खोलीत बसून असतात. ओटीवरच्या व्यवहारात ते लक्ष घालत नाहीत, पण ओटीवर कोण आले, काय घेऊन गेले, हे त्यांना बसल्या जागी कळते.

आतल्या इलेक्ट्रॉनांना काय कळते हे समजून घेण्यासाठी आधी ते किती खोल आहेत ते पाहू. अणूतून किंवा रेणूतून एखादा इलेक्ट्रॉन काढून पार दूर नेण्यास जी ऊर्जा लागते ती त्याची बंधन ऊर्जा. मिथेनमधला सर्वांत सैल इलेक्ट्रॉन सुटण्यास सुमारे १२.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. त्याच रेणूतला कार्बनचा १एस इलेक्ट्रॉन काढायला लागतात २९०.८. नायट्रोजनच्या १एस इलेक्ट्रॉनाला सुमारे ४१०, ऑक्सिजनच्या सुमारे ५४०, फ्लोरिनच्या ६९० हून थोडे अधिक. हे आकडे वायुरूप रेणूंचे आहेत. घन पदार्थात शून्य वेगळ्या जागी धरतात, म्हणून संदर्भग्रंथांत कार्बनपुढे २८५ च्या आसपासचा आकडा दिसतो. त्याने गोंधळून जाऊ नये.

या आकड्यांमधले अंतर मोठे आहे. शेजारी कोणीही असो, कार्बनचा आकडा कधी नायट्रोजनच्या आकड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून नुसत्या बंधन ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखता येते. हे झाले अणूचे आडनाव. नाव कळते ते या आकड्यातल्या लहानशा फरकावरून, पण तो फरक काही इलेक्ट्रॉन-व्होल्टचाच असतो. तीनशेतले दोन-चार अचूक मोजायचे, ही खरी अडचण होती.

मोजायचे कसे?

तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. हर्ट्झला १८८७ मध्ये दिसलेला आणि आइन्स्टाइनने १९०५ मध्ये उलगडून सांगितलेला प्रकाशविद्युत परिणाम. पाठ्यपुस्तकात आपण धातूवर अतिनील प्रकाश टाकतो. त्याच्या फोटॉनची ऊर्जा चार-पाच इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने फक्त वरवरचे इलेक्ट्रॉन निघतात. त्याऐवजी क्ष-किरण टाकले की आतल्या खोलीपर्यंत हात पोचतो. ॲल्युमिनियमच्या लक्ष्यावर इलेक्ट्रॉन आदळवून मिळणाऱ्या ठरावीक क्ष-किरणांच्या फोटॉनची ऊर्जा १४८६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, मॅग्नेशियमच्या १२५३.६. हिशेब साधा आहे :

बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनाची गतिज ऊर्जा = फोटॉनची ऊर्जा − बंधन ऊर्जा

मिथेनवर ॲल्युमिनियमचे क्ष-किरण टाकले तर कार्बनचे १एस इलेक्ट्रॉन १४८६.६ − २९०.८ = ११९५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट गतिज ऊर्जा घेऊन बाहेर पडतील. ती मोजली की बंधन ऊर्जा उलट्या वजाबाकीने मिळते. आजच्या उपकरणात इलेक्ट्रॉन दोन अर्धगोलाकार धातूच्या भांड्यांमधल्या फटीतून जातात. भांड्यांवर विद्युतदाब असल्याने त्यांचा मार्ग वाकतो. वेगाने जाणारा कमी वाकतो, सावकाश जाणारा जास्त. ठरावीक ऊर्जेचेच इलेक्ट्रॉन पलीकडच्या खाचेतून निसटतात आणि मोजले जातात. दाब हळूहळू बदलत गेले की ऊर्जेनुसार इलेक्ट्रॉनांची संख्या दाखवणारा आलेख, म्हणजे वर्णपट, तयार होतो.

क्ष-किरणांनी उडवलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजण्याचा प्रयत्न हेन्री रॉबिन्सन यांनी मँचेस्टरमध्ये १९१४ च्या सुमारासच केला होता. पण वर्णपटात टोकदार शिखरांऐवजी रुंद, एका बाजूला धार असलेले पट्टे मिळत. कारण घन पदार्थातून बाहेर येताना बहुतेक इलेक्ट्रॉन वाटेतल्या अणूंशी टकरा घेत थोडी थोडी ऊर्जा गमावतात. जत्रेच्या गर्दीतून बाहेर पडणाऱ्यांचे खिसे मोजून कोणी किती पैसे घेऊन आले होते ते ठरवावे, तसा हा प्रकार. दाराजवळच उभे असलेले मात्र काही न गमावता बाहेर पडतात. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात काई सीगबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात हे मोजके, न लुटलेले इलेक्ट्रॉन वेगळे काढून दाखवले. पट्ट्याच्या धारेवर एक अगदी अरुंद शिखर उभे असते, ते त्यांचे. त्यासाठी लागणारी अचूकता त्यांच्या हाती आधीच होती, कारण सीगबान मूळचे किरणोत्सारी पदार्थांतल्या बीटा कणांची ऊर्जा मोजणारे. चुंबकीय क्षेत्र बिघडू नये म्हणून त्यांनी वर्णपटमापी लोखंडाशिवाय बांधला होता आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रसुद्धा मोठाल्या वेटोळ्यांनी नाहीसे केले होते.

त्यांचे वडील मान्ने सीगबान यांना क्ष-किरणांच्या वर्णपटांसाठी १९२४ चे नोबेल मिळाले होते. वडिलांनी अणूतून निघणारे क्ष-किरण मोजले, मुलाने क्ष-किरणांनी निघणारे इलेक्ट्रॉन. मुलाला नोबेल मिळाले १९८१ मध्ये.

सुरुवातीला हेतू एवढाच होता, की प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रत्येक कवचाची बंधन ऊर्जा एकदा नीट मोजून ठेवावी. पण तांबे आणि तांब्याचा ऑक्साइड यांचे आकडे जुळेनात. भौतिकीचे मोजमाप करणाऱ्याला हा फरक आधी त्रासदायकच वाटणार. मोजायचे आहे तांबे, आणि आकडा बदलतो आहे ऑक्सिजनमुळे. हायपोने हा प्रश्न निकालात काढला. १९६४ मध्ये उप्सालाच्या गटाने सोडियम थायोसल्फेटचा वर्णपट घेतला, तेव्हा गंधकाच्या एकाच आतल्या पातळीसाठी दोन स्वच्छ वेगळ्या रेषा मिळाल्या. सोडियम सल्फेटमध्ये, जिथे गंधक एकाच तऱ्हेचा आहे, तिथे एकच. मूलद्रव्य तेच, नमुना तोच, यंत्र तेच. म्हणजे फरक फक्त शेजाऱ्यांमुळे. या पद्धतीला त्यांनी 'एस्का' असे नाव दिले, म्हणजे रासायनिक विश्लेषणासाठी इलेक्ट्रॉनांचा वर्णपट. आज तिला 'एक्सपीएस' अधिक म्हणतात.

विहिरीचा तळ का खचतो?

आतला इलेक्ट्रॉन जागचा हललेला नाही, बंधात गुंतलेला नाही, तरी त्याची बंधन ऊर्जा का बदलावी? याचे उत्तर बारावीच्या स्थिरविद्युतशास्त्रात आहे, आणि माझ्या मते ते वर्गात करून घेण्याजोगे उत्तम उदाहरण आहे.

बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन म्हणजे ऋणभाराचा एक पोकळ गोल समजा. गॉसच्या नियमानुसार पोकळ भारित गोलाच्या आत विद्युतक्षेत्र शून्य असते. म्हणून आतल्या इलेक्ट्रॉनावर बाहेरचे कवच ओढ किंवा ढकल असे काही करत नाही; 'फरक पडत नाही' असे वाटते ते यामुळेच. पण क्षेत्र शून्य असले तरी विभव शून्य नसते. ते आत सगळीकडे सारखे असते, भार भागिले त्रिज्या या प्रमाणात. आतला इलेक्ट्रॉन केंद्राजवळ एका खोल विहिरीत आहे, आणि बाहेरच्या ऋणभारामुळे त्या विहिरीचा तळ थोडा वर उचलला गेला आहे. बाहेरचा थोडा ऋणभार कोणी ओढून नेला की तळ खाली खचतो. विहीर अधिक खोल होते, इलेक्ट्रॉन बाहेर काढायला अधिक ऊर्जा लागते.

आता आकडे घालू. एका इलेक्ट्रॉनाएवढ्या भारामुळे १ अँगस्ट्रॉम अंतरावर १४.४ व्होल्ट विभव असते. कार्बनच्या बाहेरच्या कवचाची त्रिज्या सुमारे ०.६५ अँगस्ट्रॉम. तेथून एक पूर्ण इलेक्ट्रॉन नाहीसा झाला तर तळ १४.४ ÷ ०.६५, म्हणजे सुमारे २२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खचेल. पण तो नाहीसा होत नाही, शेजाऱ्याकडे जातो. कार्बन टेट्राफ्लोराइडमध्ये कार्बन-फ्लोरिन अंतर १.३२ अँगस्ट्रॉम आहे. तेवढ्या अंतरावरून तोच भार तळ पुन्हा १४.४ ÷ १.३२, म्हणजे सुमारे ११ ने उचलतो. निव्वळ फरक ११ च्या आसपास.

प्रत्यक्षात मिथेनमध्ये कार्बनची बंधन ऊर्जा २९०.८ आणि कार्बन टेट्राफ्लोराइडमध्ये ३०१.९ आहे. फरक ११.१. म्हणजे या ओबडधोबड हिशेबाने चार फ्लोरिनांनी मिळून कार्बनकडून जवळजवळ एका इलेक्ट्रॉनाएवढा भार ओढून घेतला आहे. त्याच कार्बनचा ऑक्सिडेशन नंबर आपण +४ लिहितो, हे येथे लक्षात ठेवावे.

मधले रेणूही पाहण्यासारखे आहेत. मिथेनमधला एकेक हायड्रोजन काढून तेथे फ्लोरिन बसवत गेले तर बंधन ऊर्जा जिन्याच्या पायऱ्यांसारखी वाढते, प्रत्येक फ्लोरिनमागे सुमारे पावणेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट. क्लोरिन बसवला तर पायरी त्याच्या साधारण निम्मी. विद्युतऋणतेचा जो तक्ता आपण पाठ करून घेतो, तो येथे आलेखावर दिसतो.

सीगबान यांनी दाखवलेला सर्वांत गाजलेला रेणू मात्र एथिल ट्रायफ्लोरोॲसिटेट. त्यात चार कार्बन ओळीने आहेत : पहिल्याला तीन फ्लोरिन, दुसरा दोन ऑक्सिजनना जोडलेला, तिसऱ्याला एक ऑक्सिजन, चौथ्याला फक्त हायड्रोजन आणि शेजारचा कार्बन. वर्णपटात चार शिखरे मिळतात, ढोबळमानाने सारख्याच आकाराची, कारण प्रत्येक तऱ्हेचा कार्बन एकेकच आहे. आकडे उलट्या क्रमाने : २९१.५, २९३.२, २९५.८ आणि २९८.९. शेवटच्या मिथिलचा आकडा मिथेनपेक्षा किंचित वर आहे, हे पाहा. चार कार्बनांचा क्रम लावायला विद्यार्थ्याला विद्युतऋणतेपलीकडे काही लागत नाही.

हसवणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हे आणखी एक लहानसे उदाहरण. ऑक्सिजन दोन नायट्रोजनांच्या मध्ये असता तर नायट्रोजनचे एकच शिखर मिळाले असते. मिळतात दोन, सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट अंतरावर. अधिक ऊर्जेचे शिखर मधल्या नायट्रोजनचे.

छायाचित्र काढताना रेणू हलतो

इथवरचा हिशेब फार सरळ वाटला असेल, म्हणून त्यातली एक लबाडी सांगायला हवी. आपण धरले की इलेक्ट्रॉन निघून गेला आणि मागचे सगळे जसेच्या तसे राहिले. तसे होत नाही. आतला एक इलेक्ट्रॉन गेला की बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्राकडे सरकतात, आणि त्यातून सुटलेली ऊर्जा बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनाच्या पदरात पडते. मिथेनमध्ये ही रक्कम सुमारे १४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे आपण मोजत असलेल्या फरकांहून मोठी! हिशेब तरीही जमतो, कारण सारख्या तऱ्हेच्या रेणूंत ही रक्कम जवळजवळ सारखी असते आणि वजाबाकीत उडून जाते. जिथे ती सारखी नसते तिथे शिखरांच्या जागेवरून भाराबद्दल निष्कर्ष काढताना चुका होतात, आणि झालेल्याही आहेत.

या सरकण्याकडे पाहण्याची एक सुंदर रीत आहे. कार्बनच्या आत एक जागा रिकामी झाली की बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना केंद्राचा भार ६ ऐवजी ७ असल्यासारखा जाणवतो. त्यांच्या दृष्टीने कार्बनचा नायट्रोजन झाला. म्हणजे १एस इलेक्ट्रॉन गमावलेले मिथेन बाहेरून थेट अमोनियम आयनासारखे दिसते. ही अवस्था टिकते सुमारे ६-७ फेम्टोसेकंद. मग बाहेरचा एक इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत पडतो आणि त्या भरात दुसरा एक बाहेर फेकला जातो.

पद्धतीच्या मर्यादाही येथेच सांगतो. हायड्रोजनला आतले कवचच नाही, त्यामुळे तो अशा वर्णपटात ओळखता येत नाही. घन पदार्थात फक्त वरच्या काही नॅनोमीटरमधलीच बातमी मिळते, कारण त्याखालचे इलेक्ट्रॉन वाटेत लुटले जातात. बोट लागलेला नमुना असेल तर आपण बोटाचाच वर्णपट घेतो. कोणताही नमुना हवेतून आत नेला की कार्बनचे एक आगंतुक शिखर दिसतेच. नवे विद्यार्थी पहिले काही आठवडे त्याच कार्बनचा शोध लावत असतात.

त्या मुलीचे उत्तर

हायपोमध्ये गंधकाची दोन शिखरे आहेत, सारख्या आकाराची, २पी इलेक्ट्रॉनांसाठी सुमारे ६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट अंतरावर. अधिक बंधन ऊर्जेचे शिखर मधल्या गंधकाचे, आणि त्याची जागा सल्फेटमधल्या गंधकाच्या जवळ येते. दुसरे टोकाच्या गंधकाचे, ते सल्फाइडच्या बाजूला झुकते. दोघांच्या मध्ये, जिथे '+२' चा गंधक असायला हवा होता, तिथे काहीही नाही. मुलीचे म्हणणे बरोबर होते.

मग खरे आकडे +६ आणि −२ म्हणायचे, की काही पुस्तके देतात तसे +५ आणि −१? वर्णपट या भांडणात पडत नाही. कार्बन टेट्राफ्लोराइडमध्ये आपण पाहिले, की कागदावर +४ असताना प्रत्यक्ष भार एकाच्या आसपास निघतो. ऑक्सिडेशन नंबर ही इलेक्ट्रॉनांची जमाखर्चाची वही आहे, अणूवरचा भार नव्हे. वहीचा ताळा जुळतो म्हणून समीकरणे संतुलित होतात, आणि त्या कामासाठी +२ ची सरासरी पुरेशी आहे. अनुमापनात हायपोपासून टेट्राथायोनेट तयार होते तेव्हा तर सरासरी अडीच येते. अडीच इलेक्ट्रॉन कोणी गमावत नाही. तिथेही वर्णपटात दोनच तऱ्हेचे गंधक दिसतात : टोकाचे दोन ऑक्सिजनांनी वेढलेले, मधले दोन एकमेकांना धरून बसलेले. वर्गात मी एवढेच सांगेन, की +२ हे बेरजेचे उत्तर आहे आणि 'दोन वेगळे गंधक' हे मोजमापाचे.

जाता जाता संस्पंदन शिकवणाऱ्यांसाठी एक प्रयोग. ग्लायसीन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल. वायुरूपात ते उदासीन रेणू असते. त्याच्या आम्ल गटात एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला, दुसरा हायड्रोजनला धरून. ऑक्सिजनची दोन शिखरे मिळतात. घनरूपात आम्ल गटातला प्रोटॉन अमिनो गटाकडे जातो आणि मागे ऋणभारित कार्बॉक्सिलेट उरते. फळ्यावर आपण त्याची दोन चित्रे काढतो, दुहेरी बंध कधी या ऑक्सिजनकडे, कधी त्या, आणि मध्ये दुतोंडी बाण. विद्यार्थ्यांना वाटते, बंध इकडून तिकडे उड्या मारतो. तसे असते तर इतक्या झटपट घेतलेल्या वर्णपटात दुहेरी बंधाचा एक ऑक्सिजन आणि एकेरी बंधाचा एक, असे दोन्ही पकडले गेले असते. घन ग्लायसीनमध्ये ऑक्सिजनचे शिखर एकच येते.